चौघांनी मिळून रसायन शिकावे

(कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे गावच्या शाळेत दिलेले भाषण)



आज आम्ही येथे उभे आहोत ते एका तक्रारीचे उत्तर देण्याकरिता. तक्रार अशी की, आपल्या गावची जी पाच मुले तालुक्याच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्गात आहेत, ती रात्री शाळेच्या ओट्यावर जमतात आणि दोन-दोन तास बोलत बसतात. "मास्तर, पुस्तक एक आणि तोंडे पाच, ह्याला का अभ्यास म्हणायचा? अभ्यास म्हटला की माणसाने कोपरा धरावा, मान खाली घालावी, दिवा जवळ ओढावा," असे एका बापाने आम्हांस रस्त्यात अडवून सांगितले. दुसऱ्या एका घराने मुलीचे येणेच बंद केले. तिसऱ्या घरची कुरकूर उघड नाही, पण ती आमच्या कानी आलीच. त्या ओट्यावर कोणाकोणाची पोरे एकाच माठातले पाणी पितात, हे तेथे सलते आहे.

ह्या तिन्ही घरांवर आमचा रोष नाही. ज्याने पोटाला चिमटा घेऊन फी भरली, त्याला ओट्यावरून पोरांचे हसणे ऐकू आले की त्याच्या जिवाची घालमेल व्हायचीच. पण आमचे म्हणणे असे आहे की, रसायनशास्त्र हा विषय आपल्या मुलांना यावयाचा असेल तर तो ओट्यावरच्या ह्या बडबडीनेच येईल, कोपऱ्यातल्या दिव्याने येणार नाही. आम्ही स्वतः कॉलेजात रसायन शिकलेलो नाही. मराठी ट्रेनिंग कॉलेजात शिकवावे कसे एवढे शिकलो आणि वीस वर्षे खडू झिजवला. तेव्हा रसायनातले अधिकारी म्हणून नव्हे, तर मूल शिकते कसे आणि अडते कोठे हे रोज पाहणारे म्हणून आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत.

आपल्या गावातून ह्यापूर्वी सायन्सला गेलेली दोन मुले पहिल्याच वर्षी रसायनात अडखळली आणि कॉलेज सोडून परत आली. दोघेही ह्या शाळेत वरच्या नंबरात होते. गावाने काय म्हटले? "कुणब्याच्या पोराचे डोके तेवढेच." आम्ही त्यांतल्या एकाला जवळ बसवून विचारले. तो म्हणाला, "मास्तर, प्राध्यापक विचारायचे, समजले का? सगळा वर्ग मान हलवायचा. मीही हलवायचो. मला वाटायचे, ह्या एवढ्यांत न समजलेला मी एकटाच." खोलीवर जाऊन तो रात्री एकपर्यंत वाचीत बसे. म्हणजे आळस नव्हता, बुद्धीचा तोटा नव्हता, पैसाही बापाने कमी पडू दिला नव्हता. उणीव होती ती एवढीच की, "हे मलाही कळले नाही" असे म्हणणारे दुसरे कोणी त्याच्या शेजारी नव्हते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नांदते, तेथल्या मुलाला हा सोबती घरातच मिळतो. बाप, काका, थोरली बहीण, कोणी ना कोणी कॉलेजातून गेलेले असते. आपल्या मुलाला तो बाहेर शोधावा लागतो, आणि शोधायला ते लाजते.

हा प्रकार आपल्याच मुलखाचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील कॉलेजात १९७० नंतरच्या दशकात यूरी ट्राइसमन नावाच्या एका तरुण गणितशिक्षकाला हाच प्रश्न पडला. तेथे काळ्या वर्णाचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या गणितात मोठ्या संख्येने नापास होत. शहाण्या लोकांजवळ कारणे तयार होतीच: घरची गरिबी, शिकण्याची हौस नाही, आईबापांचे लक्ष नाही. ट्राइसमन ह्यांनी ती कारणे तशीच न मानता वीस काळे आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिले. काळी मुले कष्टाळू होती, घरून त्यांना पाठिंबाही होता. पण जो तो आपापल्या जागी एकटा अभ्यास करी. चिनी मुले आधी एकेकटी गणिते सोडवीत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासत, चुका काढीत. ह्यावरून ट्राइसमन ह्यांनी एकत्र बसून अवघड गणिते सोडविण्याचे वर्ग काढले, आणि त्यांत बसणाऱ्या काळ्या मुलांचे निकाल पुष्कळ सुधारले. ज्यांना लोक मुळातच कमी प्रतीचे ठरवून मोकळे झाले होते, त्यांचे दुखणे डोक्यात नव्हते. ते बसण्याच्या जागेत होते.

ते गणित झाले. खास रसायनाचा दाखला न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा आहे. हे कॉलेज १८४७ साली निघाले आणि १९७६ पर्यंत तेथे शिकण्याची फी नव्हती. मजुरांची आणि परमुलखातून आलेल्या गरिबांची मुले तेथे शिकून वर आली. त्या कॉलेजात १९९० नंतरच्या दशकात रसायनाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या सहा-आठ जणांच्या टोळ्या केल्या. प्रत्येक टोळीला तोच विषय पूर्वी चांगल्या रीतीने पास झालेला एक विद्यार्थी पुढारी म्हणून दिला. हा पुढारी व्याख्यान देत नाही, उत्तर सांगत नाही. फार काय, उत्तरांची यादीच कोणाच्या हाती देत नाहीत. आपले उत्तर बरोबर की चूक हे टोळीने आपसांत वाद घालून ठरवावयाचे. ही रीत पुढे तेथल्या पुष्कळ कॉलेजांनी उचलली.

आता आपल्या ओट्यावर काय चालते ते ऐका. बसणारे पाच: दोन शेतकऱ्यांचे मुलगे, एक गवंड्याची मुलगी, एक कुंभाराचा आणि एक चर्मकाराचा मुलगा. पहिल्या महिन्यात पाचांचेही गाडे 'मोल' ह्या शब्दावर रुतले. व्याख्या प्रत्येकाला तोंडपाठ होती. आम्ही कोपऱ्यात बसून एवढेच विचारले, "मोल म्हणजे वजन की संख्या?" दोघांनी वजन म्हटले, एकाने माप म्हटले, दोघे गप्प. पाठांतर पाचांचेही बिनचूक, आणि समजूत तीन प्रकारची! अर्धा तास वाद झाला. शेवटी कुंभाराचा मुलगा म्हणाला, "डझनासारखे आहे हे. डझनभर लिंबे आणि डझनभर भोपळे. संख्या एकच, पण डोक्यावर घेऊन बघा." तेथे गाठ सुटली. कार्बनचे १२ ग्रॅम, पाण्याचे १८ ग्रॅम, लोखंडाचे सुमारे ५६ ग्रॅम, ह्या तिन्ही ढिगांत कणांची संख्या एकच. लिंबे हलकी आणि भोपळे जड, एवढाच फरक. ही संख्या केवढी? ६०२२ ह्या आकड्यापुढे वीस शून्ये मांडा, म्हणजे जवळजवळ तेवढी. २०१९ सालापासून जगातल्या शास्त्रज्ञांनी ती कायमची नेमून टाकली आहे आणि मोलाची व्याख्याच तिच्यावरून करतात. हे सारे पुस्तकात होते. पण डझन आणि भोपळा पुस्तकात नव्हता.

दुसरे उदाहरण चुन्याचे. चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भाजली की कॅल्शियम ऑक्साइड होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, हे समीकरण एका मुलाने घडाघडा म्हटले. मग प्रश्न आला: दहा किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर कळीचा चुना किती निघेल? तो म्हणाला, दहाच. गवंड्याची मुलगी हसली. (तेच ते हसणे, जे आपल्याला घरी ऐकू गेले.) ती म्हणाली, "आमचा आजा चुन्याच्या भट्टीवर होता. तो म्हणायचा, दगड जड जातो आणि हलका निघतो." का हलका निघतो? मग पाटी पुढे आली. कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२, ऑक्सिजनचे तीन अणू प्रत्येकी १६ म्हणजे ४८, बेरीज १००. त्यांतले कार्बन डायऑक्साइडचे ४४ उडून गेले, राहिले ५६. तेव्हा दहा किलोंचा चुना पाच किलो सहाशे ग्रॅम. आजाच्या बोलण्याला आकडा मिळाला. इतक्यात चर्मकाराच्या मुलाने विचारले, "मग चुना विरतो तेव्हा पाणी घालतात, ते कोठे जाते?" ५६ मध्ये पाण्याचे १८ मिळविले, ७४ झाले, आणि चुना खदखदतो, वाफ निघते, ती उष्णता ह्याच संयोगाची. हाच विरलेला चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, पाणी सोडतो आणि भिंतीवर पुन्हा दगड होऊन बसतो. १०० वरून निघालेला हिशेब फिरून १०० वर आला. हा फेरा त्या पाचांनी एका रात्रीत आपला आपण जुळवला. पुस्तकात तो तीन निरनिराळ्या पानांवर विखुरलेला होता.

युरियाची गोष्ट तर शेतकरी बंधूंनी मुद्दाम ऐकावी. पोत्यावर नत्र ४६ टक्के असे छापलेले असते. ते कोठून आले? मुलांनी मांडले: युरियाच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८, कार्बनचे १२, ऑक्सिजनचे १६, हायड्रोजनचे ४, एकूण ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे शेकडा ४६ आणि वर थोडे. छापलेला आकडा आपल्या ओट्यावर पडताळला गेला. मग ४५ किलोंच्या पोत्यात पिकाच्या कामाचे नत्र किती, तर वीस किलो सातशे ग्रॅम. एकाचे वडील शेजारी बसले होते, ते दचकून म्हणाले, "मग बाकीचे चोवीस किलो काय माती?" माती नव्हे, पण पीक आपला कार्बन हवेतून घेते, त्यासाठी पोते लागत नाही. पुढचा प्रश्न त्यांचाच: भर उन्हात युरिया वर टाकून ठेवला की नाकाला झोंबतो, तो का? ओलीत युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड होतात; तो अमोनिया वायू हवेत जातो आणि पैसा त्याच्याबरोबर जातो. ते समीकरण त्या रात्री मुलांनी एका शेतकऱ्याला समजावून दिले. जो दुसऱ्याला समजावून देतो त्याचे ते पक्के होते, हे आम्हांस ट्रेनिंग कॉलेजात शिकविले होते. ओट्यावर ते डोळ्यांनी पाहिले.

भाषेची अडचण ह्याहून कठीण आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आमच्या शाळेत मूल आम्ल, आम्लारी, मूलद्रव्य, संयुग, क्षपण असे शब्द शिकते. कॉलेजात गेल्यावर त्याच वस्तू ॲसिड, बेस, एलिमेंट, कंपाउंड, रिडक्शन होऊन समोर येतात. मुलाला वस्तू ठाऊक असते, तिचे नवे नाव ठाऊक नसते. आणि नाव कळेना म्हणून ते समजते की आपल्याला वस्तूच कळत नाही. एकट्याने बसले तर हा गैरसमज परीक्षेपर्यंत टिकतो. पाच जणांत तो पाच मिनिटांत फुटतो, कारण कोणीतरी म्हणतेच, "अरे, हे तर आपले आम्लारी!" म्हणून ओट्यावरचा नेम असा की, बोलायचे मराठीत, भांडायचे मराठीत, आणि शेवटी लिहायचे कॉलेजच्या भाषेत. दोन्ही नावांची एक वही आम्ही मुलांकडून करवून घेत आहो. तिच्यात तिसरा रकाना बाजारातल्या नावांचा आहे, आणि तो भरायला आज्ज्या लागतात. तुरटी, नवसागर, हिराकस, मोरचूद, सोरा, टाकणखार ही नावे आपल्या आज्ज्यांना आणि गावच्या वाण्याला पाठ आहेत. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर तो टाकतो, पांढरा धूर निघतो, तांब्यावरचे काळे पुट खाल्ले जाते आणि मगच कथील धरते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षबागाईतदार मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करतो आणि त्यात विळा बुडवून पाहतो. विळ्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून हुसकून बाहेर काढते, हा कॉलेजच्या पुस्तकातला धडा तो विळ्याच्या पात्यावर वाचतो.

नावांचा हा गोंधळ आपल्याच वाट्याला आला असे नाही. फ्रान्समध्येही एकाच पदार्थाला दर कारखान्यात निराळे नाव होते. १७८७ साली लाव्हाझिए, गितॉ द मॉर्व्हो, बर्थोले आणि फुर्क्रवा ह्या चौघांनी मिळून नावांची नवी पद्धत ठरविली, आणि आज आपली मुले जी 'ऑक्साइड', 'सल्फेट' अशी नावे घोकतात ती तिच्यातून आलेली. चौघांनी मिळून, हे ध्यानात घ्यावे.

आता माठाच्या पाण्याविषयी. आपल्याकडे रसायनाचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? कातड्याचे केस चुन्याने काढावेत आणि मग बाभळीच्या सालीने, हिरड्याने ते कातडे कुजणार नाही असे करावे, हे चर्मकाराला ठाऊक. भट्टीत वारा खेळता ठेवला तर मडके लाल, धुरात कोंडले तर काळे, हे कुंभाराला ठाऊक. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि कोंडलेला धूर त्याचा ऑक्सिजन काढून घेतो व वर काजळी चढवतो. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी टाकतो. का, तर रसाचा आंबटपणा मारला नाही तर साखरेचे दोन तुकडे होतात आणि गूळ धरत नाही. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो, तेही त्याला ठाऊक. पण कुंभाराचे कुंभाराच्या वाड्यात राहिले, चर्मकाराचे त्याच्या कुंडात राहिले. एकाचा चुना आणि दुसऱ्याचा चुना एकच आहे हे कोणी कोणाला विचारले नाही, कारण विचारायला जवळ बसावे लागते. आमच्या ओट्यावर गवंड्याचा, चर्मकाराचा आणि गुळव्याचा चुना पहिल्यांदा एका पाटीवर आला. माठ वेगळे केले तर पाटीही वेगळी होईल. हे आम्ही होऊ देणार नाही.

ह्या बाबतीत मेघनाद साहा ह्यांचे नाव मुलांनी ऐकलेले आहे, मोठ्यांनीही ऐकावे. ते १८९३ साली डाक्क्याजवळच्या एका खेड्यात, लहानशा किराणा दुकानदाराच्या घरी जन्मले. जात खालची मानलेली. माध्यमिक शाळेसाठी परक्या गावी एका डॉक्टराच्या घरी राहिले. तेथे आपले ताट आपण धुवायचे आणि गाय सांभाळायची, अशी अट होती. १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले, तेव्हा ईडन हिंदू हॉस्टेलात वरच्या जातीच्या काही मुलांनी त्यांच्यासह एका दालनात जेवावयास हरकत घेतली. पण त्याच कॉलेजच्या वर्गात सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी असे सोबती त्यांना मिळाले, आणि रसायन शिकवायला प्रफुल्लचंद्र राय होते. ह्यांतले घोष आणि मुखर्जी पुढे नामांकित रसायनशास्त्रज्ञ झाले. साहा आणि बोस ह्यांनी मिळून आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे जर्मन लेख इंग्रजीत आणले. ते पुस्तक १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने छापले. त्याच साली साहांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. ते काय होते? भांड्यातल्या रासायनिक क्रियेचा समतोल उष्णतेने आणि दाबाने कसा सरकतो, हा रसायनातला नियम त्यांनी सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या तप्त वायूंना लावला. अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे ही एक रासायनिक क्रियाच मानली आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांची उष्णता कळण्याचा मार्ग जगाला दाखविला. जेवणाच्या दालनात ज्यांनी त्यांना दूर बसविले, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? वर्गात जे शेजारी बसले त्यांची आहेत.

मुलीला ओट्यावर पाठवू नये असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आणखी एक हकीकत. लंडनमध्ये १७९१ साली जन्मलेला एका लोहाराचा मुलगा, मायकेल फॅरडे, पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवार होता. कॉलेजचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. बांधायला आलेल्या पुस्तकांपैकी एक त्याने वाचले आणि त्याला रसायनाचे वेड लागले. ते पुस्तक १८०६ साली जेन मार्सेट ह्या बाईने लिहिले होते आणि ते सारे संभाषणात आहे: एक शिक्षिका आणि दोन मुली, एमिली व कॅरोलिन. मुली विचारतात, शंका घेतात, चुकतात, प्रयोग पाहतात. एवढ्यावर फॅरडे थांबला नाही. शहरातल्या धडपड्या तरुणांचे एक मंडळ होते, तेथे शास्त्रावर व्याख्याने होत. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे, तो लोहारकाम करणाऱ्या थोरल्या भावाने दिला. पुढे त्या मंडळात सभासद आळीपाळीने बोलत आणि इतरांनी काढलेल्या खोड्या ऐकून घेत. १८१३ साली फॅरडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून जागा मिळाली, १८२५ साली त्याने बेन्झीन शोधून काढले. आज आपल्या मुलांना दुसऱ्या सत्रात ज्या बेन्झीनच्या षट्‌कोनाने घाम फुटतो, तेच हे. लोहाराच्या ह्या पोराला रसायनाची गोडी लावली ती दोन मुलींच्या बडबडीने. आणि आपण आपल्या मुलीला बडबड नको म्हणून घरी बसवतो! गवंडीदादांना आमची हात जोडून विनंती आहे की, आजाच्या भट्टीचा दाखला देणारी मुलगी उठून गेली तर बाकीच्या चौघांचे अर्धे डोके उठून गेले असे समजावे.

मात्र जमून बसणे म्हणजेच अभ्यास असे आम्ही म्हणत नाही. टोळीत चोरही लपतो. एकाने गणित करावे आणि चौघांनी वहीत उतरून घ्यावे, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात पाहिले आणि बंद केले. आता घरून प्रत्येकाने आधी स्वतः झटापट करून यायचे. कोरी वही घेऊन आलेल्याला त्या दिवशी फक्त ऐकायची परवानगी. खडू ज्याला येते त्याच्या हाती द्यायचा नाही, ज्याला येत नाही त्याच्या हाती द्यायचा, आणि ज्याला येते त्याने जीभ आवरायची. ही शिक्षा हुशार मुलाला फार जड जाते. पण दुसरा कोठे चुकतो हे पाहता पाहता त्याचेच कच्चे दुवे त्याला दिसतात. दोन उत्तरे निघाली तर हात वर करून मोजायचे नाहीत. ग्रामपंचायतीत बहुमत चालते, रसायनात चालत नाही. पाचही जण मिळून चुकू शकतात. पुस्तक उघडायचे, तेथेही उलगडा झाला नाही तर प्रश्न कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांपुढे पाचांनी मिळून जायचे. एकट्याची जीभ तेथे अडखळते, पाचांत एखादी तरी सैल सुटते. मोबाईल एका टोपलीत. शेवटची पंधरा मिनिटे मौन, आणि त्या दिवशीचे एक गणित प्रत्येकाने पाठीला पाठ लावून एकट्याने सोडवायचे. परीक्षेच्या बाकावर माणूस एकटाच असतो. टोळी पाचांपेक्षा वाढू लागली तर दुसरी करावी. आठ-दहा झाले की दोघे बोलतात आणि बाकीचे त्यांच्या आड झोपतात.

एक गोष्ट आम्ही सक्त मना केली आहे: तेजाब घेऊन ओट्यावर प्रयोग करणे. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, प्राध्यापकांच्या देखत व्हावेत. पाण्यात आम्ल थोडे थोडे घालावे, आम्लात पाणी कधी ओतू नये, हे पाचांनी रोज एकमेकांना विचारायचे असते. चुना विरतानासुद्धा डोळे सांभाळून दूर उभे राहायचे, मग तो घरचा चुना का असेना.

आता व्यवस्था सांगतो. थंडी पडू लागली, तेव्हा ओट्याऐवजी चौथीची खोली मिळेल. ग्रामपंचायतीने आणि शाळा समितीने तशी संमती दिली आहे. वेळ रात्री साडेसात ते साडेनऊ, रविवार सोडून. दिव्याची भीड नाही, पण वीज जाते, म्हणून कोणाकडे भरून ठेवण्याजोगा दिवा असल्यास द्यावा. वाण्याने जुना तराजू देऊ केला आहे. मुलींना साडेनऊला घरोघर पोहोचविण्याचे काम दोन माउल्यांनी पत्करले आहे. तिसरी मिळाल्यास बरे. अकरावी-बारावीच्या मुलांची दुसरी टोळी बसवावयाची आहे, तिची नावे सभा संपल्यावर आमच्याकडे द्यावीत. माठ एकच राहील आणि तो भरण्याची पाळी पाचांचीही आहे. येत्या गुरुवारी कुंभाराचा आवा लागणार आहे. अर्धी मडकी उघडी भाजून आणि अर्धी धुरात कोंडून दाखविण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ज्या पालकांना मुलांबरोबर यावयाचे असेल त्यांनी सायंकाळी पाचपर्यंत नदीकडच्या वाटेने यावे.